शरवीनची कबर

ताबरिस्तानच्या डोंगरातला किल्ला आमचे सरदार वनदाद सांभाळत, पण हुकूम चालायचा सुलतानाचा. त्याचा भरवसा राहावा म्हणून त्यांनी एकुलता एक मुलगा शरवीन सुलतानाकडे ओलीस ठेवला होता. तीन वर्षांपूर्वी तिकडून त्याचं प्रेत आलं. मी त्याची दाई. कफन बांधण्याआधी मीच त्याचं तोंड पुसलं. ससाण्याने फाडलेला डावा कान पाहिला आणि मग त्याला बुरुजाखाली पुरलं.

यंदा अक्रोड झोडपायच्या दिवसांत सुलतानाच्या स्वारांनी शरवीनला जिवंत आणून सोडलं. कान तसाच फाटलेला. मला पाहून हसला, "दाई, अजून घोरतेस का गं?"

मी त्याच्या आईला, माहबानूंना बाजूला घेतलं. "बाईसाहेब, कबर उघडून बघायची का?"

"आणि त्यात माझा मुलगाच निघाला तर?" त्या म्हणाल्या. "नको बाई. त्याला भूक लागली असेल, भात टाक."

तेव्हापासून दर गुरुवारी माहबानू हलवा घेऊन कबरीवर जातात आणि शरवीन त्यांचा हात धरून चालतो. काल परतताना त्याने मला मागे थांबवलं.

"आई ज्याच्यासाठी रडते, तो कसा होता गं?"

मी खरं ते सांगू लागले. लहानपणी तो कशाला भ्यायचा, काय खायचा, झोपेत काय बडबडायचा. आणि हा माझा एकेक शब्द ओठांत घोकत राहिला.