चौतीस सेंटिमीटर

दुधाच्या बाटलीला टेकून वर्तमानपत्राची एक ओली पुडी ठेवलेली होती. शनिवारी सकाळी चहा करायला म्हणून मी भाड्याच्या शॅलेमधला फ्रिज उघडला, कोथिंबीर असेल म्हणून पुडी सोडली, तर आतून वीतभर लांबीचे, तांबडे-हिरवे, असंख्य पायांचे किडे वळवळत बाहेर आले. एकाने माझ्या बोटाला चक्क चावा घेतला. पुडी टेबलावर टाकून मी हात साबणाने चार वेळा धुतला. पाचव्यांदा धूत होते तेव्हा माझा मुलगा अंबरीश डोळे चोळत आला.

"आई, ते रॅगवर्म आहेत. गळाला लावायचं आमिष आहे, माशांसाठी. फ्रिजमध्ये नाही ठेवले तर मरतात."

"मरू देत की! दुधाला लावून ठेवलेस? डॉक्टर ना रे तू?"

डॉक्टर तो आहेच, साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये. पुढच्या महिन्यात कन्सल्टंटच्या जागेसाठी त्याचा इंटरव्ह्यू होता. त्याआधी डोकं शांत व्हावं म्हणून त्याने २००६च्या ऑगस्टमधला हा वीकएंड ठरवला होता. आयल ऑफ वाइट बेटावर एका खाडीच्या काठी छोटं लाकडी घर, म्हणजे शॅले, भाड्याने घ्यायचं आणि दोन दिवस बास मासे पकडायचे. मला मुद्दाम लंडनजवळच्या इल्फर्डहून बोलावून घेतलं. त्याची बायको वरदा पुण्याची, पक्की शाकाहारी. पुडी बघून ती जी पांघरुणात शिरली ती बाहेर आलीच नाही. हुशार बाई. उरलो आम्ही तिघं, अंबरीश, मी आणि माझी नऊ वर्षांची नात अनुया.

मी मूळची अलिबागची. आमच्याकडे मानाचा पाहुणा आला की जिताडा आणायचे, आणि हा बास दिसायला अगदी त्याचाच भाऊ. तीन वर्षांपासून अंबरीशला हा नाद आहे. तीन वर्षांत एकतीस बास पकडले आणि त्यातला एकही कुणाच्या कढईत गेला नाही. गळाला लावायचा, फोटो काढायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. मला या प्रकाराची त्या किड्यांहून जास्त किळस येते. खायचा असेल तर मार, नाहीतर त्याच्या वाटेला जाऊ नकोस. तोंडात आकडा खुपसून वर त्याला टाटा करायचं, ही कसली दया? शुक्रवारी फेरीबोटीवर मी त्याला म्हटलंच, "एकतीस मासे! आईच्या ताटात एक पडला नाही." बोटीतून उतरल्यावर तो गाडीसुद्धा मुंगीच्या पावलांनी चालवत होता. इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर कोर्टकचेरीचं सगळं लिहावं लागतं, म्हणून सध्या त्याला कसलंच लचांड नको होतं.

खाडी म्हणजे शेवाळाचा उकिरडा होता. काठावर गुडघाभर काळंकुट्ट शेवाळ कुजत पडलेलं, त्यावर माश्या, आणि पाय ठेवला की खालून टुणटुण उड्या मारणारे बारीक किडे. वास सडक्या अंड्यांचा. अंबरीश गळ फेकायचा आणि दर वेळी शेवाळाचा गोळा ओढून आणायचा. तो बोटांनी सोडवायचा, त्याच बोटांनी नवा किडा आकड्यात ओवायचा, आणि त्याच बोटांनी मला बिस्किट द्यायचा. मी नाकाला स्कार्फ लावून घडीच्या खुर्चीवर बसले होते. अनुयाकडे टेप आणि वही होती. माशाची लांबी मोजायची आणि लिहायची, हे तिचं काम.

"आजी, छत्तीस सेंटिमीटरपेक्षा छोटा बास ठेवायचा नाही. लॉ आहे," तिने मला तीनदा सांगितलं.

अकराच्या सुमारास एक लागला. चांदीसारखा, टणक, लालबुंद कल्ल्यांचा. अनुयाने टेप लावली. "चौतीस. छोटी आहे, बाबा. सोडून दे."

अंबरीशने माझ्याकडे पाहिलं. मग मासा घेऊन तो उथळ पाण्यात आमच्याकडे पाठ करून बसला. अनुया वहीत लिहीत असताना तो शेवाळाची एक मोळी घेऊन परत आला. माझ्या खुर्चीमागच्या कापडी पिशवीत ती कोंबली आणि वरून माझं कार्डिगन टाकलं.

"आज रात्री तळ," तो माझ्या कानात म्हणाला.

मला राग यायला हवा होता. खोटं कशाला सांगू, तोंडाला पाणी सुटलं. शॅलेमध्ये हळद नाही, पण लिंबू आहे, एवढ्यापर्यंत माझा विचार गेला. अनुयाने वहीत लिहिलं, चौतीस, सोडला.

दहा मिनिटंही झाली नसतील. गळ्यात ओळखपत्र घातलेला मासेमारी खात्याचा एक तरुण अधिकारी काठाकाठाने आला. काय मिळालं, असं त्याने अगदी नम्रपणे विचारलं. अनुयाने अभिमानाने वही दाखवली. तो तिला शाबासकी देत होता, तेवढ्यात माझ्या कार्डिगनची बाही हलली. मग पूर्ण पिशवीच उडाली.

त्याने मासा काढला आणि मोजला. मग पिशवी कुणाची, असं विचारलं. अंबरीशचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माय मदर्स," तो म्हणाला. "शी'ज व्हिजिटिंग फ्रॉम इंडिया. शी डझन्ट स्पीक इंग्लिश. शी डझन्ट नो द रूल्स." आणि माझ्याकडे वळून, हसऱ्या तोंडाने, "आई, काही बोलू नकोस. प्लीज."

इल्फर्डला फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं मी रिसेप्शनवर होते. दारू पिऊन आलेल्यांना याच इंग्रजीत रांगेत उभं केलंय. अंबरीशच्या शाळेची, कॉलेजची प्रत्येक चिठ्ठी मी लिहिली. आणि आता तो अधिकारी माझ्यासमोर वाकून, दोन्ही हातांनी माप दाखवत, तान्ह्या बाळाशी बोलावं तसं मोठ्याने म्हणत होता, "नो... स्मॉल... फिश."

सकाळच्या किड्यांनी निदान समोरून चावा घेतला होता.

अनुया माझ्याकडे बघत होती. दर रविवारी फोनवर मी तिचा इंग्रजीचा होमवर्क घेते. तिने तोंड उघडलं. ती खरं सांगणार होती, आणि मग तिच्या बापाचा इंटरव्ह्यू गेलाच होता. मी उठून उभी राहिले.

"ओरडू नका, मला ऐकू येतं," मी स्वच्छ इंग्रजीत म्हटलं. "मधुमती दिघे, राहणार इल्फर्ड. तेहतीस वर्षं या देशात आहे. छत्तीसचा नियम मला पाठ आहे. मासा मी ठेवला, माझ्या मुलाला माहीत नव्हतं. बाकी त्याने माझ्याबद्दल सांगितलं ते सगळं खोटं आहे. घाबरला की तो खोटं बोलतो, लहानपणापासून."

अधिकारी कानापर्यंत लाल झाला. त्याने माझं नाव-पत्ता लिहून घेतला, या वेळी नुसती ताकीद देतो म्हणाला, आणि मासा पाण्यात सोडून निघून गेला. मासा शेवाळात उलटा होऊन तरंगत राहिला. थोड्या वेळाने एक सीगल आला आणि त्याने आधी त्याचा डोळा काढला.

"आई, थँक यू," अंबरीश हलकेच म्हणाला. "यू सेव्ह्ड मी. मी पॅनिक झालो." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हात काढ. किळस येतेय मला."

त्याने घाईघाईने हात पँटला पुसले. "सॉरी, सॉरी. वर्म्सचे आहेत. धुऊन येतो."

"हाताची नाही," मी म्हटलं.

तो गळाला अडकलेलं शेवाळ सोडवत पाठमोरा उभा राहिला. अनुयाने वहीतला 'सोडला' हा शब्द खोडून काढला होता आणि ती पेन्सिल चावत बसली होती.

"आजी, आता काय लिहू? मासा कोणी ठेवली?"

"बाबाला विचार."

ती उठली, शेवाळ तुडवत गेली आणि वही-पेन्सिल पुढे करून त्याच्यासमोर उभी राहिली.