जिवंत लेखक चालणार नाही

तंजावूरच्या सत्संग मंडळाचा नियम पक्का होता. ज्याची शिकवण मंडळ वर्षभर मुलांना देणार, तो लेखक हयात नसावा. जिवंत माणसाचा काय भरवसा? आज वैराग्य सांगेल, उद्या निवडणुकीला उभा राहील. शिवाय पसंती होईपर्यंत लेखकाचं नाव कुणी उच्चारायचं नाही, म्हणजे वशिला नको.

या नियमानं कनकलताबाईंची पंचाईत केली. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतः अभंग रचले होते. मराठीत, पण तमिळ लिपीत, कारण देवनागरी वाचायला त्या कधी शिकल्याच नव्हत्या. मंडळातल्या पोरांना घरची मराठी कळायची, बोलायची वेळ आली की मात्र सगळी तमिळवर घसरायची. आपले अभंग त्यांच्या तोंडी बसावेत, एवढीच बाईंची इच्छा. म्हणून “पापनाशमच्या एका बाईचे आहेत,” इतकंच सांगून त्यांनी ते मंडळापुढे ठेवले. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांचं माहेर पापनाशमचंच.

नात नित्यानं ते गाऊन दाखवले.

“कालवा न पुसे, कोणाचे हे शेत।
भरोनिया देत, पुढे जाई॥”

दुसऱ्या खेपेला मागच्या चटईवरची पोरंही सूर धरू लागली. अध्यक्ष वरुणरावांनी डोळे टिपले. समितीचे सगळे हात वर गेले. बाईंना बसल्या जागी नाचावंसं वाटलं.

“केवढी थोर बाई!” वरुणराव म्हणाले. “राजांच्या काळातली असणार. आता नाव सांग, कनका. पुण्यतिथी कधी? फोटोस हार घालूं, पायसम वाटूं.” जाईचा हार ताटात तयारच होता आणि पायसमचा, म्हणजे तिथल्या खिरीचा, वास केव्हाचा दरवळत होता.

शेजारी बसलेले बाईंचे यजमान प्राणेशराव कानाशी लागले. “एखादी तिथी सांगून टाक गे. पायसम तरी मिळेल.”

बाईंना क्षणभर मोह झाला. पण पोरांना द्यायच्या शिकवणीची सुरुवातच थापेनं करायची? त्या उठून उभ्या राहिल्या.

“ती बाई मेली नाही. मीच ती.”

“अय्यय्यो!” वरुणरावांच्या तोंडून निघालं.

बाईंनी कागद गोळा करायला घेतले. त्यांना फार वाईट वाटत होतं. “नियम तो नियम,” त्या म्हणाल्या. “मी गेल्यावर घ्या की. मी थांबते.”

“तूं थांबशील गे,” ब्याऐंशी वर्षांचे वरुणराव कळवळून म्हणाले, “आमी कसे थांबूं? समितींत सगळे तुज पेक्षां वयानें थोर!”

समितीतली पांढरी डोकी एकमेकांकडे वळली आणि असा हशा पिकला की प्राणेशरावांना ठसका लागला. नियम तिथल्या तिथे मोडीत निघाला.

“एकच अट,” वरुणराव हार उचलत म्हणाले, “निवडणुकीस उभं राहायचं नाही.”

फोटो नव्हताच, तेव्हा नित्यानं तो हार आजीच्या गळ्यात घातला. तिकडे पायसमसाठी पोरांची रांग लागली होती. वाटी भरली की प्रत्येक जण ठेक्यात “भरोनिया देत, पुढे जाई” म्हणत पुढे सरकत होता, आणि तमिळचा एक शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता.