बंद पडल्याची शाबासकी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. खरं तर मी फार लवकर जुनी झाले. अंगाचा कोरा वास जायच्या आतच.

कारखान्यातून निघाले आणि एका सुतारकाकांच्या दारात आले. काकांना गाडी चालवता येत नव्हती. चालवायच्या काकू, त्याही चपला काढून, अनवाणी पायानं. काका शेजारी बसत आणि वळण आलं की उगाच आपलाही पाय ब्रेकवर असल्यासारखा दाबत.

माझा दोष लवकरच दिसला. सकाळी मी शहाण्यासारखी धावे. पण उन्हात तापले, माणसांनी भरले, की वळणावर वेग कमी होताच बंद पडे. शेजारी विचारत, "गाडी घेतलीत की ढकलगाडी?" काका हसून म्हणत, नवी आहे, रुळेल. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होई.

काकू मला पुन्हा पुन्हा दुरुस्तीला नेत. तिथे रात्रभर छपराखाली मी गार होई आणि सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होई. तिथले कारागीर दोष सापडत नाही म्हणत आणि मला धुऊन-पुसून परत देत. माझी चकाकी बघून काका खूश. काकू मात्र दुरुस्तीची पावती जपून ठेवत.

मग एका दुपारी मी मोठ्या चौकात मधोमध बंद पडले. मागून ट्रक येत होता. त्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून आम्ही वाचलो. क्रेननं मला उचललं तेव्हा काका कडेला काकूंचा हात धरून उभे होते. क्रेन दूर गेली तरी त्यांनी तो सोडला नव्हता.

मला विकणाऱ्या दुकानाचा व्यवस्थापक म्हणाला, "एकेका गाडीचं नशीब असतं, बाई."

"मी पैसे गाडीचे दिलेत," काकू म्हणाल्या, "नशिबाचे नाही."

काकूंची भाची वकील होती. तिनं समजावलं, की हमीच्या मुदतीत तोच दोष परत परत येत असेल आणि जात नसेल, तर गाडी बदलून किंवा पैसे परत मागता येतात. ती कुणाची मेहरबानी नव्हे, हक्क आहे. काकूंनी ग्राहक न्यायालयात तक्रार केली. कंपनी म्हणाली, गाडीत खोटच नाही. मग न्यायालयानं तपासायला एक इंजिनिअरबाई पाठवायचं ठरवलं.

त्या येणार होत्या त्या दिवशी काकांनी मला घासूनपुसून लख्ख केलं आणि झाडाच्या गार सावलीत लावलं. काकू बाहेर आल्या.

"अहो, मुलगी दाखवायची आहे का? उन्हात घ्या तिला."

काका कानकोंडे झाले. चालवता येत नव्हतं, म्हणून काकूंनीच मला उन्हात नेलं. दुपारी इंजिनिअरबाई पुढे बसल्या. मागे काका, भाची आणि कंपनीचा माणूस दाटीवाटीनं. मला कळत होतं, चांगली चालले तर या घरात राहीन. बंद पडले तर जाईन. पण खोटं कसं चालायचं? त्या चौकाच्या वळणावर काकूंनी वेग कमी केला, आणि मी बंद पडले.

कंपनीचा माणूस खिडकीबाहेर बघू लागला. काका खाली उतरले आणि त्यांनी माझ्या तापलेल्या बॉनेटवर हात ठेवला. "शाबास, पोरी," म्हणाले. आयुष्यात इतकं कौतुक माझं कधी झालं नव्हतं.

न्यायालयाच्या निकालानं काकूंना दुसरी गाडी मिळाली. कंपनीनं मला परत घेतलं आणि गाड्यांची दुरुस्ती शिकवणाऱ्या शाळेला देऊन टाकलं. तिथल्या मुलींनी मला मुद्दाम तापवलं आणि आतली एक वायर शोधून काढली, तापली की सुटणारी. ती बदलल्यापासून मी एकदाही बंद पडले नाही. परवा काका-काकू बघायला आले होते. काकूंनी चपला काढल्या, मला घेऊन आवारात एक फेरी मारली, आणि वळणावर काकांनी मुळीच पाय दाबला नाही.

मित्रांनो, आपल्या वस्तू जरूर पुसा, जपा. पण कुणी नुसती चकाकी दाखवून तुमची तक्रार परत पाठवली, तर गप्प बसू नका. आम्हाला तोंड नाही. आमच्यासाठी तुम्हीच बोलायला हवं.