फ्लॉपीत न मावलेलं घर

रेवती पुण्याहून नोएडाला आली ती एडिटिंग शिकवायला. खरं सांगायचं तर ते सॉफ्टवेअर ती स्वतःच वर्गाच्या एक धडा पुढे राहून शिकत होती. त्या नव्याकोऱ्या फिल्म कॉलेजात काचेच्या भिंती होत्या, एसी होता, आणि सॉफ्टवेअरचं जाडजूड मॅन्युअल मात्र डायरेक्टरसाहेबांच्या कपाटात कुलपात. मुलांनी शिकायचं कशावरून? म्हणून रेवतीच सोप्या हिंदीत एकेक पान लिहून झेरॉक्स वाटायची. ती पानं इतकी चालली की दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही मागून न्यायची. त्यामुळे बाईसाहेब जरा हवेतच होत्या.

ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांना डिप्लोमा फिल्म्स दाखवायच्या दिवशी, सकाळी तिचा विद्यार्थी साकेत लॅबमध्ये आला. घर मराठी, पण त्याचा जन्म दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधला. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि घरातली सगळी नोएडातल्या फ्लॅटमध्ये आली. सोडण्याआधीचे शेवटचे दिवस त्यानं घरभर कॅमेरा घेऊन काढले होते. तीच त्याची डिप्लोमा फिल्म.

त्यानं फ्लॉपी घातली, प्रोजेक्ट उघडला. प्रत्येक शॉटच्या जागी नुसती लाल चौकट आणि आत शॉटचं नाव. चित्र नाही, आवाज नाही.

"मॅम, फ्लॉपी खराब झाली असेल ना?"

"तुझं फुटेज कुठाय?"

"फ्लॉपीतच ना. तुमच्या शीटवर लिहिलं होतं, बिल्कुल तसंच केलं. प्रोजेक्ट फ्लॉपीवर घेतला आणि सगळं पुसून मशीन खाली करून दिली."

फ्लॉपीत मावते ती फक्त जुळणी, कुठल्या शॉटनंतर कुठला एवढंच. शॉट राहतात मशीनवर. हे रेवतीला ठाऊक होतं, इतकं ठाऊक होतं की लिहायचंच राहून गेलं.

"आणि कॅमेऱ्याची टेप?" तिनं घाबरत विचारलं.

"तिच्यावर ताईचं लग्न शूट केलं. बाबा म्हणाले, काम झालंय तर नवी कशाला." त्याचा आवाज बारीक झाला. "माझीच गलती आहे, मॅम. तुम्हाला एकदा विचारायला हवं होतं."

नाही रे, माझी, असं तिनं तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं. पण नोकरी अजून कायम झाली नव्हती. ती प्रत्येक मशीनपाशी धावली आणि बाकीच्यांना म्हणाली, कुणीही काही पुसू नका. का, ते सांगितलं नाही. उरलेल्यांच्या फिल्म्स वाचल्या एवढंच.

साकेतचे शॉट गेल्याचं कळताच डायरेक्टरसाहेबांनी फर्मान काढलं, "जो है वही दिखाओ, वरना फेल."

दुपारी हॉल भरला. साकेतची आई, सुहासिनीकाकू, जरीकाठी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्यापासून चार खुर्च्या सोडून रेवती बसली, आता हा मुलगा आपलं नाव घेणार, या धास्तीत.

पडद्यावर लाल चौकट आली. साकेत पडद्याशेजारी उभा राहिला आणि एकेका शॉटचं नाव हिंदीत वाचू लागला. आई ओटा पुसते. बाबा दारावरची नावाची पाटी काढतात. रिकाम्या खोलीत पंखा फिरतो. चौकटी सरकत गेल्या. त्यानं कुणाचंही नाव घेतलं नाही.

शेवटी ज्युरीतले पाहुणे उठून उभे राहिले. घर गेलं म्हणून चित्रही ठेवलं नाही, क्या सोच है, असं म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या. हॉलनंही वाजवल्या. साकेत काही सांगू पाहत होता, पण डायरेक्टरसाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला गप्प केलं. रेवतीच्या जिवात जीव आला, आणि लगेच त्याची तिला लाजही वाटली.

बाहेर चहाच्या टेबलापाशी सुहासिनीकाकूंनी तिला गाठलं.

"तुम्हीच ना रेवती? साकेत फार सांगतो तुमच्याबद्दल. छान झालं म्हणताहेत सगळे." त्या जराशा संकोचल्या. "मला मेलीला यातलं काही कळत नाही. पण आमचं घर कधी दाखवणार? ते दुसऱ्या भागात आहे का?"

इतका वेळ गिळून ठेवलेलं आता गिळवेना.

"काकू, दुसरा भाग नाही. साकेतनं काढलेलं सगळं पुसलं गेलं. मी लिहून दिलेल्या पानात चूक होती. त्यानं मी सांगितलं तसंच केलं. चूक माझी आहे."

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कप खाली ठेवला.

"सगळंच?" त्यांनी हळूच विचारलं. "मी ओटा पुसत होते, तेवढं तरी असेल ना?"

रेवतीनं मान हलवली. नाही.