डावीकडचे चेंडू

"काकांना चहा द्यायचा ना, तर उजवीकडून दे गं," चित्राने सुनेत्राला सांगितलं होतं. "डावीकडून दिलास तर हात आपटून सांडतील. मी दोनदा भाजून घेतलंय."

मैदानाच्या कडेच्या कॅन्टीनमध्ये चित्रा सॉसेज उलटत होती आणि बोलताना हसत होती. सुनेत्राही हसली. एकट्या राहणाऱ्या माणसांच्या असतात काहीतरी खोडी, असं म्हणून कप घेऊन निघाली. आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, विहानला, अजून द्राक्षं चिरून देणारी, सनस्क्रीनची तारीख दोनदा वाचणारी ही बाई. नेमकी तीच गोष्ट तिने कानाआड केली.

चंद्रहासकाका शिकायला म्हणून सिडनीत आले आणि इथलेच झाले. आता साठीकडे झुकले होते. पेंडल हिलला एकटे राहायचे आणि शनिवारी मुलांच्या बेसबॉल मॅचला अंपायर म्हणून उभे राहायचे, एक पैसा न घेता. गुरुवारी प्रॅक्टिस असायची. त्या दिवशी सुनेत्राची वेस्टमीडला लॅबमध्ये शिफ्ट, नवरा सलिल मीटिंगांमध्ये अडकलेला. म्हणून विहानला शाळेतून मैदानावर काकाच न्यायचे. त्यांच्या जिवावर तर तिची नोकरी चालली होती.

यंदा मात्र काकांचं काहीतरी बिनसलं होतं. जाळीमागे बसणारे आईबाप सगळे क्रिकेटवर वाढलेले. बेसबॉलमधलं त्यांना फार कळत नसे, पण स्ट्राइक झोन पक्का कळला होता. होम प्लेट नावाच्या जमिनीतल्या पाटीच्या वर, फलंदाजाच्या काखेपासून गुडघ्यापर्यंत, हवेत एक न दिसणारी खिडकी. चेंडू तिच्यातून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर नुसता बॉल. आणि ती खिडकी असते कुठे, तर अंपायरच्या डोळ्यांत. विहान पिचर होता, म्हणजे चेंडू टाकणारा. त्याचे चांगले खिडकीतून गेलेले चेंडू काका बॉल ठरवायला लागले. आधी कुजबुज झाली, मग कुणी कुणी ओरडायला लागलं. टीममधल्या तनयचा बाप मोहन तर दर ओव्हरला विकेट मागावी तसा सुरू व्हायचा. "काका, चष्मा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय का?" सगळी जाळी हसायची. कुणी गोरा बाप "ओपन युअर आइज, मेट" म्हणायचा. काका मास्कमधून एकदाही मागे वळून बघत नसत. घरी येताना विहान खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणायचा, "इट वॉज अ स्ट्राइक, मम्मा."

सलिलचं डोकं फिरलं होतं. क्रिकेटमध्ये निदान दाद मागता येते, इथे लहान मुलांवर डोळ्यांदेखत अन्याय चाललाय आणि आपण नुसते सँडविच वाटतोय, असं तो म्हणायचा. मग त्याने काकांच्या पाठीमागच्या जाळीला फोन बांधून एकेक चेंडू टिपायला सुरुवात केली. सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला माणूस, चूक सापडली की त्याला झोप लागत नसे.

होळीला सुनेत्राने काकांना जेवायला बोलावलं. सलिलला आधी बजावलं, घरी आलेल्या माणसाला काही बोलायचं नाही. तो बोललाही नाही. तिने आईच्या पद्धतीने ताट वाढलं. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या बाजूला भाजी, मध्ये पुरणपोळी. काका चवीने जेवले, भाजी दोनदा मागून घेतली. मग म्हणाले, "लिंबू नाही का गं आज?"

लिंबू त्यांच्या ताटात होतं. चेष्टा करताहेत असं समजून तिने दुसरी फोड त्यांच्या हातातच दिली. ते उठले तेव्हा ताटाची उजवी बाजू पुसून घेतल्यासारखी स्वच्छ होती. डावीकडची कोशिंबीर वाढली होती तशीच, बोटसुद्धा न लागलेली. सुनेत्राला वाईट वाटलं. सलिल म्हणाला, "राग आहे आपल्यावर. ताटातून दाखवला." निरोप द्यायला ती खाली गेली, तर काकांच्या गाडीचा डावा आरसा खाकी टेपने बांधलेला. पार्किंगमधला खांब मध्येच आला, असं सांगून ते हसले. तिने तो आरसा बोटाने चाचपून बघितला. पण पुढच्या गुरुवारी शिफ्ट होतीच.

त्या गुरुवारी ब्रेकमध्ये तिने फोन उघडला. सलिलने पालकांच्या ग्रुपवर चित्र टाकलं होतं. मध्ये चौकोन, म्हणजे स्ट्राइक झोन, आणि त्यावर एकेका चेंडूचा ठिपका. बरोबर निर्णय हिरवे, चुकलेले तांबडे. खाली लिहिलं होतं, पुरावा. त्याखाली शाबासक्यांची रीघ लागली होती. आंधळा अंपायर, असंही कुणीतरी लिहिलं होतं. आज प्रॅक्टिसला काकांच्या नाकासमोर धरतो, असं मोहनने लिहिलं होतं.

सुनेत्रा त्या ठिपक्यांकडे बघत राहिली. उजवा अर्धा भाग सगळा हिरवा. डावा जवळजवळ सगळा तांबडा. आपल्यावर कुणी शंका घेऊ नये म्हणून सलिलने दोन्ही टीमचे चेंडू घेतले होते, आणि समोरच्या टीमचेही डावीकडचे चेंडू तसेच वाया गेले होते. मग हा पक्षपात कुणाच्या बाजूने?

तिला लिंबू आठवलं. कोशिंबीर आठवली. चहा आठवला. टेपने बांधलेला आरसा आठवला. आणि मग आठवलं की विहान काकांच्या गाडीत डावीकडे बसतो. फुटपाथच्या बाजूनेच चढायचं, हे तिनेच त्याला शिकवलं होतं.

शाळा सुटून गेली होती. तिने फोन लावला, लावतच राहिली. काका गाडी चालवताना फोन उचलत नसत. याच गोष्टीचं तिने चारचौघांत कौतुक केलं होतं. सुपरवायझरला काहीबाही सांगून ती कार पार्कमध्ये पळाली. मैदानापर्यंतच्या रस्त्यात डावीकडे उभी असलेली प्रत्येक गाडी, कडेने चालणारं प्रत्येक पोर तिला नव्याने दिसत होतं.

विहान मैदानावर होता. चेंडू हातात घेऊन उभा, धडधाकट. तिने त्याचा दंड इतका घट्ट धरला की तो कळवळला. गाडीतून येताना काही झालं का, तिने विचारलं.

"नथिंग. काका हिट सम बिन्स, कचऱ्याचे डबे," विहान म्हणाला. "ही सेड, हू पुट देम देअर?"

काका कुठेच दिसेनात. बाकावर त्यांचा मास्क पडला होता. बाजूला मोहन फोन हातात धरून अवघडून उभा होता. सुनेत्राने विचारलं तेव्हा तो अडखळत बोलायला लागला. त्याने चित्र दाखवलं होतं. काकांनी फोन हातात घेतला, नीट बघितला आणि परत दिला.

"म्हणाले, अरे, सगळं हिरवंच तर आहे." मोहन तिच्याकडे बघत नव्हता. "मला वाटलं, माज करतायत. मी जरा जास्तच बोललो गं. मग गाडीत बसले नि गेले."

"त्यांना तेवढंच दिसलं, मोहन," ती म्हणाली.

मोहनने हातातल्या फोनवरचं चित्र पुन्हा बघितलं. मग तो आपल्या गाडीकडे धावला.

विहानला घेऊन ती पेंडल हिलला काकांच्या फ्लॅटवर गेली. खाली गाडीची जागा रिकामी होती. वर बेल वाजत राहिली. फोन लावला, तोही वाजत राहिला. ट्रिपल झिरोला, इथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन करून तिने जमेल तेवढं सांगितलं. तिने कळवल्यावर सलिल स्टेशनच्या बाजूने शोधत निघाला होता. फोनवर तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, मी ठिपके मोजले गं, नुसते ठिपके मोजले. उन्हं कलायला लागली होती आणि शाळांच्या उशिराच्या बसमधून मुलं उतरून रस्ता ओलांडत होती. तिचं पोर मागच्या सीटवर सुखरूप बसलं होतं. घरी जाऊन दार लावून घेता आलं असतं.

तिने त्याच ग्रुपवर लिहिलं:

"चित्र, मॅच, सगळं बाजूला ठेवा. चंद्रहासकाका मैदानावरून निघालेत, घरी पोचलेले नाहीत. पांढरी गाडी, डावा आरसा खाकी टेपने बांधलेला. त्यांना डावीकडचं दिसत नाही, आणि दिसत नाही हेच त्यांना माहीत नाही. हे वाचणारे जे कुणी असाल, जिथे असाल तिथून उठा, आपल्या गल्लीत एक चक्कर मारून बघा. मुलांना आधी आत घ्या. गाडी दिसली तर काका कसे आहेत ते विचारा. फक्त उजव्या बाजूने जा."