एक खेळाडू, एक खेळ

पडघ्याच्या शाळेचा खारबावच्या शाळेशी बेसबॉलचा सरावाचा सामना चालू होता. नवशा भोईर दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध अडकला. पुढे एक पोरगा, मागे एक, आणि बॉल पुढच्याच्या ग्लोव्हमध्ये. बेसबॉलमध्ये अशा वेळी बॉल अंगाला लागू न देता, अंग चोरून पळायचं असतं. नवशानं वाकून त्या पोराच्या गुडघ्याला हात लावला आणि कबड्डीतला गडी मारल्याच्या आनंदात माघारी धावला. वाकताना बॉल पाठीला टेकला होता, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. पडघ्याच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पंचांनी त्याला बाद दिलं.

प्रभाकर सर हसले नाहीत. शिबिराला जाऊन बेसबॉल शिकून आलेले ते व्यायामशिक्षक, आणि नवशा त्यांचा बॉल टाकणारा एकुलता एक पिचर. त्यांनी तिथंच फर्मान काढलं: कबड्डी बंद. एक खेळाडू, एक खेळ. दिवाळीनंतर जिल्हा संघाची निवड होती आणि नवशाला त्या संघात जायचंच होतं. त्यानं मान डोलावली.

खेळाशिवाय दुसरं काही नको, असा निरोप घरीही गेला. त्याच्या आईनं, बायजाबाईनं, लेकाच्या हातातला विळा काढून घेतला, पाण्याची कळशीही उचलू दिली नाही. संध्याकाळी कबड्डीचा घोष कानावर आला की नवशा घरामागच्या भिंतीवर आणखी जोरात बॉल मारायचा. बॉलला वेग आला. खांदाही दुखायला लागला, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर सरांनी संघाला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या. कायम पहिला येणारा नवशा जाड्या चिंधूच्याही मागे पडला.

"काय रं," चिंधूनं वळून विचारलं, "पिचर झालास का पेन्शनर?"

नवशा खांदा धरून उभा दिसला, तेव्हा सरांनी तो दाबून पाहिला. नवशा कळवळला. दिवसभर दुसरं काय करतोस, असं त्यांनी विचारलं.

"काय न्हाय सर. निस्ता बॉल टाकतो. तुमीच सांगितलंत ना."

सर म्हणाले, पंधरा दिवस बॉलला हात लावायचा नाही. नवशाची कबड्डी सुटली होतीच, आता बेसबॉलही गेला.

त्याच संध्याकाळी सर त्याला घरून घेऊन कबड्डीच्या मैदानावर आले.

"चढाईला जा. पकडीत पडू नको, खांदा सांभाळ. तुझे पाय मी घालवले, ते आधी परत आण."

"आन् निवड, सर?"

"पाय आले तर निवड होईल. खांदा बरा झाला की बॉल, तोही एक दिवसाआड. कबड्डी मात्र चालू ठेव."

मागोमाग आलेल्या बायजाबाईनं पदर सावरत विचारलं, "मास्तर, मंग भात झोडायला कदी धाडू याला? त्यातबी घाम निघतो."

सरांनी क्षणभर विचार केला. खांदा बरा झाला की धाडा, म्हणाले, आणि बरोबर सगळा संघ येईल.

ते ऐकून कबड्डीत पलीकडच्या बाजूला उभा असलेला चिंधू शेजारच्याला म्हणाला, आपण आपलं क्रिकेटच खेळू या. एवढ्यात चढाईला आलेल्या नवशाच्या पायाचा अंगठा चिंधूच्याच पोटरीला लागला आणि नवशा धापा टाकत, हसत रेषेकडे पळाला.