जमालभाईंच्या खानावळीतला बाक

मी एक जुना सागवानी बाक आहे. बहारीनमधल्या उम्म अल हस्समला एका बंद खानावळीच्या मागे, उन्हात आणि खाऱ्या हवेत मी पडून आहे. माझा एक पाय कुजला आहे. पण मित्रांनो, मला सांगायचे आहे ते माझ्या पायाविषयी नाही.

माझा जन्म इथल्याच मुहर्रक शहरातला. मोडीत निघालेल्या एका गलबताच्या फळ्या दाजी सुतारांनी निवडून आणल्या आणि त्यांतून मला व माझ्या जोडीदार बाकाला घडवले. मध्ये लांब टेबल ठेवून आम्हाला समोरासमोर मांडले. खानावळीचे मालक जमालुद्दीन यांना ते म्हणाले, "जेवणाऱ्याला समोर माणसाचं तोंड दिसलं पाहिजे. भिंतीकडे बघून गिळायला तो काय ढोर आहे?"

जमालभाई रत्नागिरीचे. त्यांच्या बीबी नूरबानो हमूर माशाचे कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या करत. शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, माझ्यावर सहा जण दाटीवाटीने बसत. जेवण अर्ध्या तासात उरके. गप्पा मात्र दुपार कलल्यावरच्या अस्रच्या बांगेपर्यंत चालत. कोणाची मुलगी दहावीला बसली, कोणाचा व्हिसा अडकला, कोणाच्या गावी पूल झाला, सारे तिथेच कळे. एक्क्याण्णवच्या जानेवारीत आखाती युद्धाचे भोंगे वाजू लागले, तेव्हा खोलीत एकट्याला बसवेना म्हणून माणसे इथे येऊन एकमेकांना खेटून बसत. मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

टोकाला, दाराजवळ, महादेव बसे. हा राजापूरकडचा वेल्डर. दोन गल्ल्या सोडून त्याची खोली होती. आल्या आल्या तो आमच्यावरून नजर फिरवी आणि कोण आले नाही ते विचारी. हुसेन ड्रायव्हरला कावीळ झाली, तेव्हा अकरा दिवस पेजेचा डबा महादेवनेच पोचवला.

सत्त्याण्णव साली खानावळीत टीव्ही आला. सगळ्यांना दिसावा म्हणून जमालभाईंनी टेबल हलवले आणि आम्हा दोघांना भिंतीकडे तोंड करून एकामागे एक लावले. गिऱ्हाईक वाढले. बोलणे मात्र आटले.

मित्रांनो, बाकाला माणूस वजनावरून कळतो. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात महादेव हलका होत चालला होता. त्याच्या ताटात अर्धी भाकरी तशीच राही. तो खोकला की माझी फळी हादरे. शेजारचा माणूस विश्वचषकाचा सामना बघत असे.

मग एक दिवस महादेव आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या जागेवर कोणीतरी आपली पिशवी ठेवली.

चौथ्या दिवशी नूरबानो स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "ऐकलंत का, म्हादेव कुठं हाय? तीन दिवस त्याचं कालवण काढून ठेवतेय, तसंच ऱ्हातंय."

जमालभाईंची नजर पडद्यावरच होती. "असेल ड्यूटीवर. मॅच खलास होऊ दे, बघतो."

हुसेन माझ्यावरच बसला होता. त्याने ऐकले. त्याचा पाय क्षणभर चुळबुळला, पण तो उठला नाही. सामना संपला, जिंकल्याचा गलका झाला आणि विषय राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूरबानोंनी डोक्यावर ओढणी घेतली आणि त्या स्वतःच निघाल्या. वाटेत हुसेन भेटला. खाली मान घालून तोही त्यांच्यामागे गेला. महादेवचा खोलीतला जोडीदार रजेवर गावी गेला होता. दार तोडावे लागले. महादेव जमिनीवर पडला होता. श्वास चालू होता. छातीत पाणी झाले होते. डॉक्टरांनी एवढेच विचारले, की दोन दिवस आधी का आणले नाही. त्याच दुपारी तो गेला. त्याचा देह राजापूरला पोचायला एकोणीस दिवस लागले.

पुढच्या शुक्रवारी जमालभाईंनी टीव्ही बंद ठेवला आणि आम्हाला पूर्वीसारखे समोरासमोर मांडले. माणसे आली, बसली. मग हुसेन म्हणाला, "माझ्यासाठी तो अकरा दिवस आला. मला दोन गल्ल्या चालवल्या नाहीत."



आता तोंडे समोर होती, पण कोणाला वर बघवत नव्हते. एकेक जण येईनासा झाला. हुसेनने शिफ्ट बदलून घेतली आणि तो ईसा टाउनला राहायला गेला. वर्ष सरायच्या आत खानावळीला कुलूप लागले आणि आम्हाला उचलून मागे टाकले. माझा जोडीदार कोणीतरी सरपणाला नेला.

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, सावलीत ठेवा, असे मी म्हणणार नाही. लाकडाचे आयुष्य झाले तेवढे पुष्कळ. पण एक ऐका. टोकाची जागा रिकामी आहे हे मला पहिल्याच दिवशी कळले होते. मला ओरडता आले नाही आणि त्याच्या दारापर्यंत जाता आले नाही. तुम्हाला वाचा आहे, पाय आहेत. रोज शेजारी बसणारा एखादा आज दिसला नाही, तर हातातला घास खाली ठेवा आणि आजच जा.